घरचं बीपी आणि घरचं मीठ: दोन्ही मोजायची रीत

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या महिलांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांचं बीपी एकतर १४०/९० किंवा त्याहून जास्त होतं, नाहीतर त्यांना गोळी चालू होती. म्हणजे चार-पाच मोठ्या माणसांमागे एकजण. वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणून कित्येकांना त्याचा पत्ताच नसतो. तिशीनंतर घरातल्या प्रत्येकाचं बीपी मोजून लिहून ठेवायलाच हवं.

यंत्र दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. घेण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजा. पट्ट्यावर २२-३२ सेंमी असं माप छापलेलं असतं, आपला घेर त्यात बसला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच वर जातो आणि माणूस उगाच घाबरतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, जिने चढणं नको. लघवीला जाऊन या, तुंबलेल्या लघवीनेही बीपी वाढतं. पाठ टेकून खुर्चीत बसा, पावलं जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत. हात खाली लोंबत असेल तर आकडा जास्त येतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. शर्टाची बाही गुंडाळून घट्ट झाली असेल तर हात बाहीतून काढून घ्या. यंत्र चालू असताना बोलायचं नाही, समोरच्यानेही काही विचारायचं नाही.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांचं बघा आणि पुढे जास्त आकड्याचा हात धरा. सकाळी नाश्ता आणि गोळीच्या आधी, मग संध्याकाळी, दोन्ही वेळा मिनिटभराच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती घरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एखाद्याच आकड्यावरून काहीही ठरवू नका. मात्र १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं असेल, तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा.

आता मीठ. जास्त मिठाने बीपी वाढतं. आपल्याकडे पोटात जाणारं बरंचसं मीठ घरच्या स्वयंपाकातूनच जातं, त्यामुळे किल्ली आपल्याच हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट भरलेल्या चहाच्या एका चमच्याहून थोडं कमीच, तेही सगळं धरून. ‘चवीपुरतं’ या मापात ते कधी ओलांडलं जातं ते कळत नाही.

म्हणून मिठाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर पेनने तारीख घाला. १ किलोची पिशवी चार माणसांत ३० दिवसांत संपली, तर १००० भागिले १२०, म्हणजे माणशी रोज ८ ग्रॅमच्या वर. पापड, फरसाण, पाव, खारी यांतलं मीठ वेगळंच. तेवढी जागा सोडून स्वयंपाकाचं मीठ माणशी ४ ग्रॅमवर आणायचं ठरवलं, तर तीच पिशवी दोन महिने पुरली पाहिजे. लोणचं घालायला मीठ दुसऱ्या पिशवीतलं वापरा, नाहीतर हिशेब बिघडतो.

एकदम निम्मं केलंत तर घरात कुणी जेवणार नाही. दर आठवड्याला थोडंथोडं उतरवा, काही आठवड्यांत जीभ सरावते. भातात आणि कणकेत घातलेलं मीठ फारसं जाणवतही नाही. पहिलं ते बंद करा. आमटीत हाताने न घालता चमच्याने मोजून घाला, आमसूल किंवा लिंबू जरा वाढवा. कोशिंबिरीला मीठ पान वाढताना लावा: पाणी सुटत नाही आणि कमी मिठातही चव लागते. पानाच्या डाव्या बाजूला मीठ वाढणं बंद करा. लोणच्याची एक फोड पुरे, खार नको. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, त्यातही सोडियमच.

सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहितात, त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी बीपीची गोळी चालू असेल, तर पोटॅशियम रक्तात साठू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका.

चार आठवड्यांनी तसंच सात दिवस बीपी मोजा आणि आधीच्या सरासरीशेजारी लिहा. आकडा उतरला तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती वही बघून डॉक्टरच ठरवतील.