छोट्या ग्रिलमध्ये मंद धुरावरचं मटण: विस्तव कसा सांभाळावा

बेळगावात गल्लीच्या कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अजून कोळशाची इस्त्री फिरवताना दिसतो. त्याच्याकडे दहा मिनिटं उभं राहून बघा. इस्त्री थंडावली की तो लगेच नवे कोळसे घालत नाही. ती उचलून हवेत चार हेलकावे देतो, भोकांतून वारा शिरतो आणि निखारे फुलतात. छोट्या ग्रिलमध्ये मटण धुरवायचं असेल तर एवढंच पक्कं लक्षात ठेवा. कोळसा म्हणजे शिधा, आणि आच ठरते ती हवेवर.

पहिल्या खेपेला मी सगळा कोळसा एकदम पेटवला होता. दीड किलोची बकऱ्याची रान, म्हणजे मागचा अख्खा पाय, वरून काळी झाली आणि हाडापाशी लालच राहिली. आता करतो ती पद्धत अशी.

ग्रिल झाकणाचं हवं, आणि त्याला खाली व वर अशा दोन झडपा हव्यात. माझं 45 सेंटिमीटर व्यासाचं आहे. झाकण नीट बसत नसेल तर कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून कडा सरळ करून घ्या. फटीतून हवा आत जात असेल तर झडपा कितीही फिरवल्या तरी उपयोग नाही.

कोळसा लाकडाचाच घ्या, शक्यतो बाभळीचा. तो जड असतो आणि जास्त वेळ टिकतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्र्यांमुळे आपल्याकडे कोक (दगडी कोळशापासून केलेलं इंधन) हाही मिळतो, पण तो लोखंड वितळवण्यासाठी आहे. त्यात गंधक असतं, अन्नाखाली तो नको. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, कोळसा हवेतलं पाणी पितो. दमट कोळसा तडतडतो आणि पांढरा धूर ओकतो. म्हणून तो झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आदल्या दिवशी ऊन मिळालं तर वाळवून घ्या.

धुरासाठी आंबा किंवा पेरूचं वाळलेलं लाकूड घ्या, मुठीएवढे दोन-तीन तुकडे पुरतात. ते भिजवू नका. ओलं लाकूड आधी वाफ सोडतं, आच खाली आणतं आणि मग कडू धूर देतं. निलगिरी, प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या अजिबात नकोत. काजूची टरफलंही नकोत, त्यांतल्या तेलाचा धूर झोंबतो. निपाणीकडच्या वाचकांनी तंबाखूची वाळकी खोडं चुलीला चालतात म्हणून इथे वापरू नयेत.

आता विस्तव. दीड किलो न पेटवलेला कोळसा ग्रिलच्या एका बाजूला रचा आणि लाकडाचे तुकडे त्यात अधूनमधून खोचा. दुसऱ्या बाजूला पसरट भांड्यात गरम पाणी ठेवा, त्यावर जाळी. धूर पातळ झाला की मांस याच जाळीवर ठेवायचं. पाणी आचेचे चढउतार सोसतं आणि गळणारी चरबीही झेलतं. मग भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात लिंबाएवढे आठ-दहा कोळसे वेगळे पेटवा. डब्याखाली तेल लावलेल्या कागदाचा बोळा पुरतो. रॉकेल नको, त्याचा वास मटणात उतरतो. कोळशांवर राखाडी थर आला की ते चिमट्याने ढिगाच्या वर, एका टोकाला ठेवा. विस्तव तिथून हळूहळू न पेटलेल्या कोळशाकडे सरकत जातो आणि पुढचे तीन-चार तास मिळतात.

झाकण लावताना वरची झडप मांसाच्या बाजूला आणा, म्हणजे धूर मांसावरून जाऊन बाहेर पडेल. वरची झडप पूर्ण उघडी राहू द्या. आच सांभाळायची ती खालच्या झडपेने. आपल्याला 110 ते 120 अंश सेल्सिअस हवेत. 95 च्या आसपास काटा आला की खालची झडप निम्मी बंद करा, 105 ला अजून थोडी. आच खालून वर चढवणं सोपं असतं. एकदा 150 वर गेलेला ग्रिल खाली आणायला मात्र अर्धा तास सहज जातो. झडप हलवली की दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मगच पुन्हा हात लावा.

थर्मामीटर जाळीवर, मांसाशेजारी ठेवा. झाकणावरचा काटा वरची हवा मोजतो. थर्मामीटर खरा आहे का हे उकळत्या पाण्यात बुडवून तपासा, पण 100 ची अपेक्षा धरू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 97-98 अंशांनाच उकळतं.

धूर डोळ्यांनी ओळखायला शिका. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर चांगला. दाट पांढरा धूर येत असेल तर विस्तवाला हवा कमी पडतेय किंवा लाकूड ओलं आहे. अशा वेळी खालची झडप थोडी उघडा आणि मांस आत ठेवायची घाई करू नका.

झाकण सारखं उघडू नका. उघडलं की आच जाते, आणि त्याच वेळी कोळशाला भरपूर हवा मिळून नंतर आगच भडकते. पाहुणे "अगा, किती झालं बघूया की" म्हणतील, त्यांना शेंगा द्या आणि बसवून ठेवा.

कोंबडीच्या तंगड्या दीड-दोन तासांत होतात. आतलं तापमान निदान 74 हवं, 80 ला त्या जास्त मऊ लागतात. रानेला चार-पाच तास धरा. मांस 65 ते 75 च्या दरम्यान बराच वेळ अडतं, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडत राहतं आणि मांस थंड ठेवतं. विस्तव कमी झाला असं समजून झडप उघडण्याची चूक इथेच होते. बोकडाच्या मांसात चरबी कमी, म्हणून 70 ला मी रान फॉइलमध्ये गुंडाळतो आणि 90 च्या पुढे नेतो. आदल्या रात्री मीठ, आलं-लसूण आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला लावून ती फ्रिजमध्ये ठेवलेली असते.

अडीच-तीन तासांनी आच उतरू लागली तर आधी राख बघा. ती खालच्या झडपेत अडकली असेल तर काडीने मोकळी करा. कोळसा घालायचाच असेल तर बाहेर पेटवून घाला.

हे सगळं उघड्यावर करा. पाऊस आला म्हणून ग्रिल बंद पडवीत किंवा खोलीत नेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

रान उतरल्यावर उरलेल्या निखाऱ्यांशेजारी तीन-चार रताळी ठेवून झाकण लावा. आपल्या पश्चिम भागातल्या लाल मातीतली असतील तर उत्तमच. पाऊण-एक तासात ती मऊ होतात. ती काढली की दोन्ही झडपा घट्ट बंद करा, हवेविना विस्तव विझतो. सकाळी ग्रिल पूर्ण गार झाल्याची खात्री करून राख चाळा. जे अर्धे कोळसे हाती लागतील ते पुढच्या खेपेला नव्या ढिगात मिसळा.