स्वप्न पडलं, अर्थ कसा लावायचा? बडोद्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांसाठी

उशाशी वही आणि पेन ठेवा. मोबाइल नको, हातात घेतला की आधी व्हॉट्सॲप उघडतं आणि स्वप्न तिथेच विरतं. जाग आल्यावर लगेच उठू नका, शक्यतो कूसही बदलू नका. डोळे मिटूनच शेवटचं दृश्य धरा आणि तिथून मागे मागे जा. मग डाव्या पानावर लिहा: तारीख, जाग आली ती वेळ, काय दिसलं, कोण काय बोललं, मनाला कसं वाटलं. उजवं पान कोरं सोडा. अर्थ तिकडे, आणि तोही नंतर. दानीएलानेही स्वप्न पाहिल्यावर आधी त्यातलं मुख्य ते लिहून काढलं (दानीएल ७:१). लिहितानाच अर्थ घुसला, तर दोन दिवसांनी दिसलेलं कोणतं आणि आपण भरलेलं कोणतं हे सांगता येत नाही. बहुतेक घोटाळ्यांचं मूळ हेच.

त्याच पानाच्या तळाशी आदल्या दिवसाचा हिशेब मांडा: जेवण किती उशिरा झालं, ताप होता का, नवी गोळी सुरू झाली का, कसली काळजी होती, टीव्हीवर काय पाहिलं. कामाच्या व्यापाने स्वप्नं पडतात हे उपदेशक (५:३) सांगतोच. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी स्वप्नं फार ठळक पडतात. नवरात्रात गरब्यामुळे रोज झोप मोडते आणि मग पहिल्या शांत रात्री स्वप्नांची गर्दी होते. मगरीचंही तसंच. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या होत्या. भर पावसाळ्यात बडोदेकराच्या स्वप्नात मगर आली, तर लगेच ईयोबाच्या पुस्तकातला लिव्याथान, म्हणजे पाण्यातला तो महाकाय प्राणी, काढून बसू नये. कारण सापडलं म्हणजे देव त्यातून बोलणारच नाही असं नव्हे, पण अशा स्वप्नाच्या भरवशावर निर्णय घेऊ नका.

आता गाळणी. स्वप्न खरं ठरलं एवढ्याने ते देवाचं ठरत नाही. अनुवाद १३:१-५ मध्ये स्वप्नद्रष्ट्याने सांगितलेली खूण खरी होते, तरीही तो लोकांना दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर त्याचं ऐकू नका, अशी आज्ञा आहे. म्हणून पाहायचं ते हे, की स्वप्न कोणीकडे ढकलतंय. शास्त्राने मना केलेलं काही करायला लावतंय का? ख्रिस्ताऐवजी एखाद्या माणसाला मोठं करतंय का? कोणाला पैसे द्यायला सांगतंय का? यातलं एकही ‘हो’ आलं, तर अर्थ शोधायची गरजच नाही, पान उलटा.

गाळणीतून उरलेल्याचा अर्थ लावताना चिन्हांचे तक्ते बाजूला ठेवा. साप म्हणजे शत्रू, पाणी म्हणजे आत्मा, असे तक्ते इंटरनेटवर ढिगाने मिळतात आणि पवित्र शास्त्रातच ते टिकत नाहीत. उत्पत्ती ४० वाचा. फारोच्या प्यालेबरदाराला स्वप्नात द्राक्षवेलीच्या तीन फांद्या दिसतात, आचाऱ्याला तीन टोपल्या. दोन्हीकडे तीन म्हणजे तीन दिवस, फारोचा वाढदिवसही तोच. पण एकाला नोकरी परत मिळते आणि दुसऱ्याला फाशी. फरक आकड्यात नाही, क्रियेत आहे: प्याला फारोच्या हातात पोचतो, टोपलीतलं मात्र पाखरंच खाऊन जातात. पुढच्याच अध्यायात सात गायी म्हणजे सात वर्षं, दिवस नव्हेत. आणि शास्ते ७ मध्ये शत्रूच्या शिपायाच्या स्वप्नातली जवाची भाकर चक्क गिदोनाची तलवार ठरते! म्हणून वहीत क्रियापदांखाली रेघ मारा. काय पोचलं, काय अडलं, काय उलटलं? हे स्वप्न पाहणाऱ्याच्या सध्याच्या परिस्थितीशी जोडून बघा. तेच स्वप्न पुन्हा पडलं तर तीही नोंद करा. फारोचं स्वप्न दोनदा पडलं ते गोष्ट ठरलेली आहे म्हणून, असं त्याचा अर्थ लावणारा योसेफ सांगतो (उत्पत्ती ४१:३२).

कोडं नसेल तर उगाच तयार करू नका. मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत पाच स्वप्नं आहेत, आणि त्यात उलगडायचं असं काही नाही: ऊठ, बाळाला घे, मिसरला जा.

जागेपणीच्या दृष्टान्तालाही हीच पद्धत, फक्त घाई आणखी कमी. पेत्राला छपरावर तीनदा निषिद्ध प्राणी मारून खा असं सांगणारं दृश्य दिसलं, तरी तो गोंधळलेलाच होता. कर्नेल्य या यहुदी नसलेल्या रोमी अधिकाऱ्याची माणसं दारात आली, तो त्यांच्याबरोबर गेला, तेव्हा कुठे कळलं की प्रश्न खाण्याचा नसून माणसांचा होता (प्रेषितांची कृत्ये १०). पौलाला मदतीला बोलावणारा मासेदोनियाचा पुरुष दिसला. तिथल्या फिलिप्पैला पोचल्यावर नदीकाठी भेटल्या त्या स्त्रिया. तपशील शब्दशः जुळायलाच हवा असा हट्ट नको.

मग दोघातिघांना दाखवा, कारण इतरांनी पारखावं असं १ करिंथ १४:२९ सांगतं. एक पाळक किंवा फादर, आणि एक असा ज्येष्ठ माणूस जो तुम्हाला तोंडावर नाही म्हणेल. घरच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. कॅनडाचा व्हिसा, मुलीचं स्थळ, घराचा सौदा, असं आधीच मनात बसलेलं काही स्वप्नात ‘मंजूर’ होऊन आलं, तर पारख दुप्पट कडक करा. दुसऱ्याबद्दलचं स्वप्न त्याला संदेश म्हणून सांगू नका, विशेषतः मरणाचं. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि गप्प राहा. कॅथलिक घरांत दर्शनाचा बोभाटा व्हायला लागला, तर बाब बिशपांकडे जाते. १९ मे २०२४ पासून लागू झालेल्या व्हॅटिकनच्या नियमांत सर्वात अनुकूल निकालही ‘हरकत नाही’ एवढाच असतो.

जाग आहे पण हात हलत नाही, छातीवर कोणी बसलंय, कोपऱ्यात सावली आहे, हा बहुतेक वेळा झोपेतला पक्षाघात असतो. काही सेकंदांत किंवा मिनिटांत सुटतो. अपुरी झोप आणि उताणं झोपणं टाळलं की सहसा कमी होतो, त्याला भूत काढणाऱ्याची गरज नाही. आवाज दिवसाही ऐकू येत असतील, स्वतःला किंवा कोणाला इजा करायला सांगत असतील, तर प्रार्थनेबरोबर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.