गृहकर्ज घेण्याआधी हप्ता भरून बघा

मुंबईत 80 लाखांचं घर झेपेल का, की गावच्या जागेवर बांधावं, हे कागदावर ठरत नाही. आधी सहा महिने हप्ता स्वतःलाच भरा.

1. 64 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 8.5 टक्के धरले तर हप्ता साधारण 55,500.

2. त्यातून सध्याचं भाडं वजा करा. भाडं 22,000 असेल तर उरलेले 33,500 अधिक सोसायटीचा मेंटेनन्स, एवढ्या रकमेची आरडी (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची बँकेतली ठेव) पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापली जाईल अशी लावा.

3. शाळेची फी, गणपतीत गावी जाणं, सगळं याच काळात येऊ द्या. आरडी मोडावी लागली तर कर्ज कमी करा, नाहीतर गावच्या बांधकामाचा हिशेब मांडा. तिथेही बँक पैसे टप्प्याटप्प्याने देते, जोत्यापर्यंतचा खर्च हाताशी हवाच. आरडी टिकली, तर तेवढीच भर डाउन पेमेंटमध्ये पडली.

एक मात्र सांभाळा: डाउन पेमेंटचे 16 लाख म्हणजे सगळं नव्हे. 6 टक्के मुद्रांक शुल्काचे 4,80,000 आणि नोंदणीचे 30,000 सहसा गृहकर्जात बसत नाहीत. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, ती जरूर घ्या.