लाव्ही पाळताना आधी छत बघा

फुरसुंगीला आमच्या घरामागं म्हशीचा गोठा होता. म्हैस विकल्यावर त्यातच तीन फूट उंचीचं खुराडं ठोकून घेतलं आणि महिनाभर वयाच्या पन्नास जपानी लाव्ह्या, म्हणजे बटेर, आणल्या. पहिल्या आठवड्यात चार मेल्या. रोग नव्हता. दचकली की लाव्ही सरळ वर झेप घेते, आणि तीन फुटांत तिला डोकं फुटण्याइतका वेग मिळतो.

म्हणून छत एकतर दहा-बारा इंचांवर घ्या, नाहीतर माणसाच्या डोक्यावर. मी खुराडं मोडलं, गोठाच मोकळा दिला आणि वर शेडनेट सैलसर बांधलं. कडेनं अर्धा इंची जाळी, तीही जमिनीत वीतभर गाडलेली, कारण आमच्याकडं घुशी आणि मुंगूस दोन्ही आहेत. दिवाळीत फटाक्यांच्या बाजूला बारदानं सोडते.

धंद्यात चौरस फुटाला पाच-सहा पक्षी कोंबतात. मी एकच ठेवते. खाली तारेची जाळी नको, पाय सोलतात. भोरकडच्या भातगिरणीतून तूस आणून चार इंच पसरते. एका घमेल्यात कोरडी माती आणि थोडी चाळलेली राख ठेवली की लाव्ह्या त्यात लोळतात, पंख झाडतात. बघत बसावं असं असतं ते. लपायला वाळलेल्या गवताच्या पेंढ्या उभ्या करा. उघड्यावर ती सारखी भेदरलेली राहते.

आता पिल्लं. लाव्ही पाळीव झाली तशी अंड्यांवर बसायचं विसरली, त्यामुळं इनक्युबेटर लागतो. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू निघतं, अंगठ्याएवढं. पहिला आठवडा ३५ ते ३७ अंश ऊब हवी, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडं बघा. बल्बखाली ढीग केला तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच वासली तर उकडतंय. पाण्याच्या बशीत गोट्या टाका, नाहीतर बुडून मरतात. आणि खाली नुसतं वर्तमानपत्र घालू नका! पाय घसरून फाकतात ते कायमचे. बारदानाचा तुकडा बरा.

खाद्य ब्रॉयलरच्या पिल्लांचं, मिक्सरमध्ये भरड करून. प्रथिनं २४ टक्क्यांच्या आसपास हवीत. अंड्यावर आल्यावर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. मोठी लाव्ही दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम खाते.

तिसऱ्या आठवड्यात नराची छाती विटकरी होते, मादीची ठिपक्यांची राहते. चार माद्यांना एक नर पुरे. जास्त झाले की माद्यांची डोकी टोचून टक्कल पाडतात.

सहा-सात आठवड्यांनी अंडी सुरू होतात. कोंबडीसारखं सकाळी शोधू नका, लाव्ही बहुतेक दुपारनंतर घालते. वर्षभर अंडी हवीत तर रोज चौदा तास उजेड लागतो. मी डिसेंबरात बल्ब लावत नाही. अंडी कमी होतात, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

जादा नर सातव्या आठवड्यात कापते. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू. पहाटे अंधारात हलक्या हातानं एकेक उचलायचा, फडक्यात पंख गुंडाळायचे आणि बाकीच्यांच्या नजरेआड न्यायचा. कात्री धारदार आणि मोठी हवी, एका घावात मान वेगळी झाली पाहिजे. हात थरथरत असेल त्या दिवशी करू नका; मी पहिल्यांदा तशीच परत फिरले होते.

पिसं उपटत बसायची गरज नाही, कातडी सदऱ्यासारखी निघते. दीडशे ग्रॅमच्या पक्ष्याकडं बघून सासूबाई अजून म्हणतात, "एवढ्याशा जिवात पदरात काय पडतं गं?" आणि रस्सा झाला की मांडी त्याच मागतात.