गळा उपजत की कमावलेला? रियाज सुरू करणाऱ्यांसाठी

आवाजाची जात, म्हणजे तो जाड की बारीक, गोल की पातळ, हे स्वरतंतूंच्या आणि घशाच्या घडणीवर ठरते आणि रियाजाने ते फारसे पालटत नाही. म्हणून आवडत्या गायकाची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर 'सा' धरून तो गातो ती, उसनी घेऊ नये. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) पंचमापर्यंत न ओढाताण करता जाता येईल असा षड्ज, म्हणजे 'सा', शोधावा. पुरुषांचा तो बहुधा हार्मोनियमवरच्या काळी एक-दोनच्या आणि स्त्रियांचा काळी चार-पाचच्या आसपास सापडतो, पण हा काही नियम नव्हे. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या उपचारांनंतर खाली उतरला, तरी त्या पूर्वीच्या बारीक आवाजामागे धावल्या नाहीत आणि त्याच भारदस्त आवाजात पुढे अनेक दशके गायल्या.

पट्टी ठरली की खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज. पहाटे तंबोरा (मोबाइलवरचाही चालेल, मात्र तो नीट ऐकू यावा) लावून मंद्र सप्तकातला एकेक स्वर आकारात ('आ' म्हणत), एका श्वासात, मध्यम जोराने धरावा आणि तो तंबोऱ्यात मिसळून वेगळा ऐकू येईनासा होईपर्यंत पुढच्या स्वराकडे वळू नये. आरंभी पंधरा-वीस मिनिटे पुरेत. घसा दुखू लागल्यास तिथेच थांबावे, आणि बसलेला आवाज तीन आठवड्यांतही सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. ओरडून गळा 'तयार' होतो, ही समजूत घातक आहे.

ज्याला आपण बेसूर म्हणतो, त्याचा गळा नव्हे तर कान पुष्कळदा कच्चा असतो. रोजचा रियाज ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावा. गाताना न जाणवलेला कणसूरपणा (स्वर किंचित चढा किंवा उतरा लागणे) तेव्हा लगेच कळतो, आणि मग तेवढाच स्वर पलट्यांतून, म्हणजे स्वरांच्या ठरावीक क्रमांतून, घोटावा. हे काम गुरूसमोर बसून अधिक लवकर होते, कारण लगावातली, म्हणजे स्वर लावण्याच्या पद्धतीतली, चूक स्वतःला उशिरा उमगते.

उपजत देणगीला मी कमी लेखत नाही. पण अल्लादिया खाँ (1855–1946) यांचा मूळ आवाज ऐन उमेदीत गेला, तेव्हा उरलेल्या आवाजाला पेलेल अशी पेचदार, लयीशी घट्ट बांधलेली गायकी त्यांनी घडवली, आणि जयपूर-अत्रौली घराणे आज ओळखले जाते ते त्याच गायकीमुळे.