अ‍ॅडव्हेंचर बाइकचे टायर आणि हवा : नागपुरातून कोणत्या बाजूला निघताय?

टायरच्या दुकानात जाऊन "ऑफरोडसाठी चांगला टायर दाखवा" म्हटलं की दुकानदार आतून सर्वांत मोठ्या बटनांचा, म्हणजे रबराच्या उंच ठोकळ्यांचा, टायर काढून आणतो. दिसायला तो भारी असतो, गाडीला चढवला की गाडीही भारी दिसते. आठवडाभराने वर्धा रोडच्या सिमेंटवर तोच टायर भुणभुण करत जातो, पावसात ब्रेक मारल्यावर थोडा सरकतो आणि मधली बटनं बघता बघता झिजतात. म्हणून दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवा : तुम्ही नागपुरातून बाहेर पडता ते नेहमी कोणत्या बाजूला?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपलं शहर भूगर्भाच्या शिवेवर वसलंय. पश्चिमेला काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडे दख्खनचा बेसाल्ट आणि त्यावरची काळी माती. पूर्वेला आणि ईशान्येला रामटेक, मनसर, भंडाऱ्याकडे त्याहून कितीतरी जुने खडक. तिकडे मुरूम, गोटे, हलकी रेताड माती आणि कन्हान-वैनगंगेची रेती. एकाच शहरातून सकाळी दोन मित्र दोन दिशांना निघाले तर दुपारपर्यंत दोघांच्या चाकाखाली वेगवेगळं जग असतं.

पहिली पायरी : खरा हिशोब मांडा

गेल्या वर्षी गाडी कुठे कुठे गेली ते कागदावर लिहा. ऑफिस, बाजार, सासुरवाडी, सगळं. छिंदवाड्यामार्गे तामिया करायचं तर एका बाजूने पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात डांबर, मध्ये सिल्लेवानीचा घाट, आणि पुढे पाताळकोटच्या कडेला कच्चा रस्ता लागला तरी तो थोडाच. पेंचच्या सफारी मार्गांवर दुचाकीला प्रवेशच नाही, त्यामुळे "जंगलात चालवायला" म्हणून बटन टायर घेण्यात अर्थ नाही. बहुतेकांचा हिशोब दहापैकी आठ-नऊ भाग पक्का रस्ता असाच निघतो. तसा निघाला तर पक्क्या रस्त्याकडे झुकणारा दुहेरी वापराचा टायर घ्या, ज्याची मधली नक्षी जवळजवळ जोडलेली आणि कडेची थोडी सुटी असते. महिन्यातून दोन-तीनदा खरोखर पांदण रस्ते, नदीपात्र, खाणींच्या बाजूचे मुरमाड रस्ते होत असतील तरच मोठ्या, सुट्या बटनांकडे वळा. टायरच्या जाहिरातीत "50/50", "80/20" असं पक्क्या आणि कच्च्या रस्त्याचं प्रमाण लिहिलेलं असतं तो कंपनीचा स्वतःचा अंदाज असतो. त्याला कुठलं सरकारी प्रमाण नाही, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. नक्षी डोळ्यांनी बघा. बटनांमधली मोकळी जागा जितकी जास्त, तितकी मातीत पकड जास्त आणि डांबरावर कमी.

दुसरी पायरी : टायरच्या अंगावरचं वाचा

रॉयल एनफिल्डच्या जुन्या 411 सीसीच्या हिमालयनला पुढे 90/90-21 आणि मागे 120/90-17 लागतो. यात 120 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 90 म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंची, आणि 17 म्हणजे रिमचा व्यास इंचात. हीरोच्या एक्सपल्स 200 ला मागे 120/80-18 आहे. सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम एसएक्सला पुढे 19 इंची चाक, म्हणजे 100/90-19. कंपनीने दिलेल्या साइजलाच चिकटून राहा. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की तो चिमटल्यासारखा गोल होतो, वळणावर गाडी जड वाटते आणि चेनला घासण्याची भीती वेगळीच.

साइजच्या आकड्यांनंतर 64S असं काहीतरी असेल. 64 हा भाराचा आकडा, म्हणजे त्या टायरवर 280 किलोपर्यंत भार चालतो. S म्हणजे ताशी 180 किलोमीटरपर्यंत. आपल्याला वेगाशी फारसं देणंघेणं नाही, पण मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावून निघणाऱ्याने भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये.

आणि चार आकड्यांची तारीख शोधा. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेलं रबर कडक होतं. दोन वर्षांपेक्षा जुना टायर स्वस्तात मिळाला तरी मी घेत नाही.

तिसरी पायरी : ट्यूब की ट्यूबलेस

हे बहुधा तुमच्या रिमनेच ठरवलेलं असतं. साध्या तारांचं चाक असेल तर ट्यूब. ट्यूबलेस असेल तर काटा गेला तरी रबरी पट्टी घुसवून दहा मिनिटांत रस्त्याला लागता येतं, आणि आपल्या पांदणींच्या दोन्ही बाजूंना बाभळी उभ्या असल्यामुळे ही सोय फार मोठी आहे. ट्यूबवाल्यांनी 21 इंची ट्यूब स्वतःजवळ ठेवायचीच. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे 17 आणि 18 ची मिळते, कारण तिथे सगळ्यांच्या गाड्या त्याच. 21 ची मिळत नाही. अडीअडचणीला 21 ची ट्यूब मागच्या चाकात कोंबून गाव गाठता येतं, उलटं मात्र जमत नाही.

एक बारीक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. ट्यूबच्या वॉल्व्हवर रिमलगत एक छोटा नट असतो. पंक्चरवाला तो रिमवर आवळून देतो. तो सैल करून वर टोपणाला भिडवून ठेवा. हवा कमी करून चालवताना टायर रिमवर सरकला तर ट्यूबही ओढली जाते आणि वॉल्व्ह तिरका होतो. नट मोकळा असेल तर तो तिरकेपणा लांबूनच दिसतो. आवळलेला असेल तर काही दिसत नाही, आणि एक दिवस वॉल्व्ह मुळापासून फाटतो. मग ती ट्यूब गेली, तिला पॅच लागत नाही.

चौथी पायरी : आधी गेज घ्या

खरं तर ही पहिली पायरी हवी होती. महागडा टायर घालून चुकीच्या हवेवर चालवणाऱ्यापेक्षा साधा टायर बरोबर हवेवर चालवणारा कच्च्या रस्त्यावर सुखात असतो. काही शे रुपयांत हवेचा दाब मोजायचं गोल काट्याचं, 60 पीएसआयपर्यंतचं (पीएसआय हे दाबाचं माप) गेज मिळतं. पेट्रोल पंपावरच्या मशीनवर विसंबू नका. तिथे आधीच्या कारसाठी लावलेला 35 चा आकडा तसाच असतो, "किती टाकू भाऊ?" असं विचारलं तर नशीब, नाहीतर नळी लागते आणि टूं वाजेपर्यंत भरली जाते. गेज एक-दोन पीएसआय चुकीचं दाखवत असलं तरी हरकत नाही, पण दर वेळी तेच वापरा.

मूळ आकडा कोणता? चेनच्या बाजूला किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतं, नसेल तर गाडीच्या पुस्तकात बघा. एकट्याचा आकडा वेगळा आणि मागे माणूस किंवा सामान असतानाचा वेगळा असतो. हा आकडा थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास सावलीत उभी. पहाटे, घरी, निघण्याआधी.

आता आपल्या हवामानाचा हिशोब. साधारण 30 पीएसआयच्या टायरमध्ये तापमान 10 अंशांनी बदललं की हवा दीड पीएसआयने बदलते. मे महिन्यात भर दुपारी, पारा 45 ला असताना 30 भरून घेतलेत आणि पुन्हा हात लावला नाहीत, तर डिसेंबरच्या पहाटे 10 अंशांना तोच टायर 25 दाखवेल. कुठे गळती नसतानाही. उलट मे महिन्यात पहाटे 28 अंशांना भरलेली हवा दुपारी 44 अंशांना, गाडी न हलवताही अडीचेक पीएसआय वाढलेली असते, आणि चालवल्याने आणखी वाढते. ती बघून घाबरून सोडू नका. कंपनीने आकडा ठरवताना ही वाढ धरलेलीच असते. गरम टायरमधून हवा सोडली की दुसऱ्या पहाटे तो खरोखर कमी निघतो, आणि कमी हवेचा टायर डांबरावर जास्त वाकतो, जास्त तापतो. उन्हाळ्यात टायर फुटण्याचा धोका त्यानेच वाढतो. पंपावर "नायट्रोजन भरा, गरम होत नाही" म्हणतात तेही ऐकून सोडा. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर तोही तितकाच फुगतो.

पाचवी पायरी : जमीन बघून हवा उतरवा

हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतो, बारीकसारीक दगडांवर उड्या मारण्याऐवजी त्यांना गिळतो. पण त्याच वेळी रिम आणि दगड यांच्यातलं अंतर कमी होतं. या दोन्हींचा मेळ घालणं एवढंच सगळं शास्त्र आहे.

मुरूम आणि गिट्टी : स्टिकरच्या आकड्यातून तीन-चार पीएसआय उतरवा. रामटेक-मनसरच्या बाजूच्या आतल्या रस्त्यांना एवढं पुरतं. पुढचं चाक नाचायचं थांबलं की समजा जमलं.

गोटे आणि कोरड्या नाल्याचं पात्र : इथे लोक जास्त उतरवतात आणि तिथेच फसतात. सामान असेल, ट्यूब असेल, तर पुढे 22 आणि मागे 25 च्या खाली जाऊ नका. वेगात गोट्यावर आदळलं की रिमची कड आणि गोटा यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दोन भोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच.

रेती : कन्हानच्या पात्रात 18 ते 20 पर्यंत उतरावं लागतं, तेही पेट्या काढून आणि अगदी थोड्या अंतरासाठी. नजर लांब ठेवा, थ्रॉटल बंद करू नका, वजन थोडं मागे. 18 च्या खाली रिमलॉकशिवाय (टायर रिमवर सरकू नये म्हणून आतून धरणारा चाप) जाऊ नये.

काळी माती : कोरडी असताना ती फारसा त्रास देत नाही. त्रास देतात उन्हाळ्यात पडलेल्या भेगा आणि बैलगाडीच्या वाळलेल्या चाकोऱ्या. 21 इंची अरुंद चाक चाकोरीत शिरलं की तिकडेच जातं, ते बळजबरीने बाहेर काढायला जाल तर पडाल. चाकोरी संपेपर्यंत तिच्यातूनच चला, किंवा आधीच मधल्या उंचवट्यावरून धरा. ओली काळी माती हे मात्र वेगळंच प्रकरण. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि टायरला लेपासारखी बसते. चार फेऱ्यांत बटनांमधली जागा भरून टायर गुळगुळीत होतो, मग मडगार्डखाली गोळा साचतो आणि चाक फिरायचंच थांबतं. पुढचं मडगार्ड टायरला लागून असेल तर हे आणखी लवकर. कोणतीही हवा आणि कोणताही टायर इथे पूर्ण उपाय नाही. मोठी बटनं वेगात थोडी माती झाडून टाकतात, पण एवढ्या चिखलात तेवढा वेग ठेवणार कोण? जुलैमध्ये काटोल-कळमेश्वरच्या पांदणीत पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर डांबरानेच जा. अडकलातच तर चपटी काडी घेऊन माती खरवडा, पाणी ओतू नका, ती आणखी चिकटते.

हवा उतरवल्यावर वेग 50-60 च्या वर नेऊ नका.

सहावी पायरी : हातांना सवय लावा

रानात गेज काढून दर वेळी मोजत बसायला कंटाळा येतो आणि मग कुणी हवा उतरवतच नाही. त्यावर उपाय घरी करायचा. अंगणात गाडी उभी करून मागच्या वॉल्व्हची पिन पाच सेकंद दाबा आणि किती पीएसआय उतरली ते बघा. पुन्हा पाच सेकंद, पुन्हा बघा. पुढच्या चाकावर तेच करा, आकडा वेगळा येईल कारण त्यात हवा कमी मावते. आता फूटपंपाने भरा आणि एक पीएसआयला किती दाब लागतात ते मोजा. हे आकडे टाकीच्या बॅगमध्ये कागदावर लिहून ठेवा. हातपंप चालेल, बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असेल तर उत्तम, कारण डांबर लागलं की परत भरायची आहे आणि दुपारच्या उन्हात तेवढा घाम गाळायची कुणाची तयारी नसते. पंप नसेल तर हवा उतरवूच नका, गाडी हळू चालवा.

नवीन टायर घातला असेल तर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार वाकवू नका, जोरात ब्रेक नको. वरची गुळगुळीत कातडी घासली जाईपर्यंत पकड येत नाही. आणि टायरच्या कडेला असलेला बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते दुकानातून निघण्याआधीच बघा. पुष्कळदा घाईत उलटा बसवलेला असतो.

घरी आल्यावर

संध्याकाळी टायर धुवा आणि अंधार पडायच्या आत बोट न लावता, नजरेने बाभळीचे काटे शोधा. ट्यूबलेसमध्ये घुसलेला काटा लगेच उपटू नका. तो कधीकधी स्वतःच भोक बंद करून बसलेला असतो. आधी खडूने खूण करा. दुसऱ्या पहाटे गेज लावा. दोन्ही टायर नेहमीच्या आकड्यावर असतील तर काटा काढा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. एखादा टायर दोन पीएसआयने खाली आला असेल तर हवा भरून ऑफिसला निघू नका, आधी पंक्चर काढून घ्या.