कार्यकर्त्यांची रिट्रीट कशी घ्यावी: आधी झोप, मग शांतता, मग बोलणं

ईस्टर जवळ आला की मला दरवर्षी एक-दोन फोन हमखास येतात. "ताई, आमच्या तरुण कार्यकर्त्यांची रिट्रीट घ्यायची आहे. तुमचा कार्यक्रम पाठवा ना." रिट्रीट म्हणजे काम बाजूला ठेवून विसाव्यासाठी आणि प्रार्थनेसाठी काढलेले दोन-तीन दिवस. पाठवायला माझ्याकडे फारसं काही नसतं. आमच्या तीन दिवसांच्या वेळापत्रकात निम्म्याहून जास्त जागा कोरीच असते. ती कोरी का ठेवायची आणि कोरी ठेवण्यासाठी किती तयारी लागते, हे फोनवर सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमचं काम अहिल्यानगर जिल्ह्यात, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात चालतं. ११ जण आहेत, सगळे २२ ते ३० वयाचे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात. तेव्हापासून मार्च-एप्रिलपर्यंत ही मुलं-मुली तिथल्या पोरांचे वर्ग घेतात, आजाऱ्याला सरकारी दवाखान्यात नेतात, मुकादमाशी, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराशी, बोलून एखाद्या पोरीला उसाच्या फडावर जाण्यापासून थांबवतात. रविवारी पुन्हा मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संडे स्कूल आणि तरुण संघ. मानधन बेताचं. सेवा म्हणून आलेल्या माणसाला 'आज मला जमणार नाही' हे वाक्य तोंडातून काढणं फार जड जातं, आणि आपण पुढारी त्याचाच फायदा घेत राहतो.

माझी पहिली रिट्रीट दोन दिवसांची होती आणि तिच्यात नऊ सत्रं होती. दुसऱ्या सत्रात, मनन चालू असताना, एक मुलगा भिंतीला टेकून झोपला. मी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेऊन हाक मारली. तो दचकून उभा राहिला, "सॉरी ताई" म्हणाला आणि उरलेला तासभर उभाच राहिला. रात्री भांडी घासताना त्याच्या सोबत्याने सांगितलं, की टोळीतल्या एका माणसाबरोबर तो तीन रात्री सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होता आणि तिथूनच थेट बसस्टँडवर आला होता.

बायबलमधली एलीयाची गोष्ट मी संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवली असेल. थकलेला संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवतो, खा म्हणतो, आणि त्याला पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेही खायलाच. मग ४० दिवसांची वाट, मग होरेब डोंगर, आणि देवाचा प्रश्न त्याच्याही नंतर. त्या रात्री मला हा क्रम पहिल्यांदा कळला. तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या संध्याकाळी एकही सत्र नसतं. पोहोचायचं, आंघोळ करायची, जेवायचं, एक छोटी प्रार्थना आणि झोप. सकाळी कुणालाही उठवायचं नाही. नाश्ता नऊपर्यंत झाकून ठेवायचा.

आता तयारीचं. तारीख ठरवताना आधी कामाचं कॅलेंडर बघा, मग मंडळीचं. आमचा गळीत हंगाम संपतो आणि टोळ्या परततात तो काळ ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या शेवटाशी येतो. दुःखसप्ताहात, म्हणजे त्यातल्या शेवटच्या आठवड्यात, सगळे मंडळीच्या कामात अडकलेले असतात, म्हणून ईस्टरनंतरचा दुसरा आठवडा धरतो. दिवस सोमवार ते बुधवार. एक तर रविवारचं काम बुडत नाही, दुसरं म्हणजे शनिवार-रविवार सोडून गेलं की जागा स्वस्त मिळते. डिसेंबरात रिट्रीट कधीच ठेवू नका. कॅरल राऊंड (घरोघरी गाणी म्हणत फिरणं), नाताळची नाटकं, कपडे वाटप, सगळं डोक्यात घेऊन माणूस तिथे येतो आणि बसल्या बसल्या याद्या करतो.

जागा साधी हवी आणि थोडी लांब हवी. आम्ही पाचगणीला एका जुन्या बंगल्यात जातो. वाई सोडून पसरणीचा घाट चढायला लागलो, खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं, की गाडीतल्या गप्पा आपोआप कमी होतात. सिल्व्हर ओकची झाडं, सकाळची गार हवा, बाकी काही नाही. मे महिन्याची गर्दी अजून यायची असते. एका वर्षी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्तिमिशन पाहायला जाऊन तिथेच जवळ थांबलो होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, त्यांना सांभाळलं, शिकवलं, छापखाना चालवायला लावलं. ते आमच्या मुलींनी ऐकलं आणि त्या भारावून गेल्या. जागा प्रत्येक कार्यकर्त्याने बघावी अशीच आहे. पण ती अभ्याससहल झाली. सगळे वह्या भरून आणि पाय दुखवून परतले. जिथे बघण्यासारखं खूप आहे तिथे वेगळी सहल काढा, रिट्रीट नको.

स्वयंपाक मात्र कार्यकर्त्यांकडून करून घेऊ नका, पैसे वाचले तरी. तिथल्या मावशींना आगाऊ सांगून ठेवा: भाकरी, पिठलं, एक दिवस मटण. भांडी आम्हीच घासतो, आणि पहिली पाळी माझी आणि आमच्या पाळकसाहेबांची (चर्चच्या धर्मगुरूंची) असते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले हे आपण दर वर्षी वाचतो. ते शब्दात सांगण्यापेक्षा खरकटी ताटं उचललेली मुलांना जास्त समजतात.

मुलींच्या घरी मी स्वतः जाऊन येते. चिठ्ठी किंवा मेसेज पुरत नाही. कुठे राहणार, खोलीत कोण, सोबत वडीलधारी बाई कोण, हे आईला समोर बसून सांगायचं आणि तिथल्या राखणदाराचा नंबर द्यायचा. तो नंबर दिला की फोनचा प्रश्नही सुटतो. आम्ही फोन काढून घेत नाही. एका टोपलीत ठेवतो, रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास देतो. खरी अडचण आली तर घरचे राखणदाराला फोन करतात. कामाचे फोन त्या तीन दिवसांत मंडळीतले एक निवृत्त गुरुजी घेतात. आणि खरोखरच कुणाला परत जावं लागलं, तर जाऊ द्या, रिट्रीट फसली असं मानू नका. मार्काच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात, येशू शिष्यांना एकांतात विसाव्याला नेतो, आणि किनाऱ्यावर लोक त्यांच्या आधीच पोहोचलेले असतात. त्याला त्यांचा कळवळा आला, असं तिथे लिहिलं आहे.

दुसरा दिवस हा खरा रिट्रीटचा दिवस. नाश्त्यानंतर एक वचन वाचतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत मौन. पहिल्यांदा मौन ठेवणाऱ्यांना तीन तास फार होतात, म्हणून नव्या माणसाला मी सांगते: पहिला अर्धा तास नुसतं चाल, मग कुठेतरी बस, डोक्यात आलं ते लिही, झोप आली तर झोप. मननाचे प्रश्न छापून वाटू नका. कागद हातात आला की आपली मुलं परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं लिहितात.

वचन म्हणून मी बहुतेक वेळा बायबलमधलं १३ वं स्तोत्र घेते. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनच ओव्यांत 'कोठवर' हा शब्द चार वेळा येतो, आणि शेवटी स्तोत्रकर्ता देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो. आपल्या मंडळ्यांत आपण शेवट लगेच गाठतो. "प्रभू चांगला आहे" असं म्हणायची इतकी सवय असते, की आधीचे चार 'कोठवर' कुणी उच्चारतच नाही. म्हणून मी सांगते, आज फक्त पहिल्या दोन ओव्या. प्रत्येकाने आपला 'कोठवर' लिहायचा. दाखवायचा नाही, वाचायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचा एक भाऊ मौनात बाहेर गेलाच नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिला. त्याने पिशवीतून एक पाटी काढली. लाकडी चौकटीची, एक कोपरा उडालेला, दोरीने बांधलेला फडक्याचा तुकडा. तिच्यावर बाराचा पाढा होता, 'बारा सक बहात्तर'पर्यंत. कोपीवरच्या ९ वर्षांच्या पोराची ती पाटी. टोळीचं काम संपलं, पहाटे ट्रकमध्ये संसार भरून सगळे निघून गेले, आणि ते पोरगं जाताना वर्गाच्या दाराशी पाटी ठेवून गेलं. भावाने ती तीन आठवडे पुसली नव्हती. दुपारी जेवताना तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. त्याला त्या वेळी विचारणारा माणूस नको होता, पायरी हवी होती.

बोलणं संध्याकाळी. त्यासाठी आम्ही अम्माऊसची वाट घेतो. लूकच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट ईस्टरच्याच दिवसातली, म्हणून या काळात फार जवळची वाटते. दोघे शिष्य खिन्न होऊन चाललेत, अनोळखी वाटसरू येऊन विचारतो, काय बोलताय? सगळं त्यालाच ठाऊक आहे, तरी आधी तो त्यांना सगळं सांगू देतो. तर दोघादोघांच्या जोड्या करायच्या. टेबललँडच्या, म्हणजे पाचगणीच्या पठाराच्या, दिशेने चालत जायचं. जाताना एकाने बोलायचं, येताना दुसऱ्याने. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, वचन सुचवायचं नाही, "माझंही असंच झालं होतं" म्हणून स्वतःची गोष्ट लावायची नाही. ज्याचं ज्याच्याशी हंगामात वाजलं आहे त्यांची जोडी मी मुद्दाम लावत नाही. समेट घडवण्याचा मोह पुढाऱ्याला फार असतो, पण तो ज्याचा त्यानेच घडवावा. रात्री गोलात बसतो तेव्हा ज्याला वाटेल तो बोलतो. साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, कुणाला लावत नाही. एकाची साक्ष झाली की दुसऱ्याला तिच्यापेक्षा मोठी द्यावीशी वाटते, आणि मग खरं बोलणं संपतं.

इथे माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगते. एका मुलीने गोलात कबूल केलं, की वर्गातल्या एका मुलावर तिचा हात उठला होता, आणि त्या दिवसापासून आपण या सेवेला लायक नाही असं तिला वाटतं. ती रडली, आम्ही प्रार्थना केली. पुढे वार्षिक आढाव्याच्या वेळी मी तेच वाक्य तिच्यासमोर ठेवलं. हेतू वाईट नव्हता, तिला मदत करायची होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि दोन महिन्यांनी काम सोडून गेली. मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने क्षमा केली, पण परत आली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. तेव्हापासून नियम असा: रिट्रीटमध्ये बोललेलं ऑफिसच्या फाइलीत जात नाही. मुलांच्या सुरक्षिततेची गोष्ट असेल तर मात्र ती गप्प ठेवता येत नाही, आणि हे मी पहिल्याच संध्याकाळी, जेवणाआधी, स्पष्ट शब्दांत सांगते. काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही, हे आधी कळलं तरच माणूस निर्धास्त बोलतो. शक्य असेल तर गोल चालवायला बाहेरचा कुणी बोलवा, ज्याच्या हातात पगार आणि बदली नाही. आम्ही आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सिस्टरांना (व्रतस्थ धर्मभगिनीला) बोलवतो.

त्या कॅथलिक, आम्ही बरेचसे सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे), दोघं मेथडिस्ट, एक बौद्ध घरातली मुलगी, एक हिंदू मुलगा. म्हणून रिट्रीटमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा चर्चमधला विधी) ठेवत नाही. कुणी घ्यायचं, कुणी नाही, यावरून एकाच ताटावरची माणसं वेगळी पडतात. त्याऐवजी शेवटच्या सकाळी एकत्र बसून भाकर मोडून खातो, त्याला साधं प्रीतिभोजन म्हणतो. जे ख्रिस्ती नाहीत त्यांना आधी एकट्यात सांगते, की प्रार्थनेला बसणं तुमच्या मर्जीवर. मौन आणि चालणं सगळ्यांचं. ती बौद्ध मुलगी मौनात आमच्या सगळ्यांपेक्षा स्थिर बसते. नवे आलेले तिच्याकडे बघून बसायला शिकतात.

बुधवारी निघण्याआधी प्रत्येकाला एक अंतर्देशीय पत्र देते. पोस्टात अडीच रुपयांना मिळतं, मात्र आधी आणून ठेवा, आयत्या वेळी शोधत फिरावं लागतं. त्यावर स्वतःला लिहायचं: येत्या वर्षात मी कुठली एक गोष्ट थांबवणार, कुणाशी बोलणार, आठवड्यातला कुठला दिवस माझा ठेवणार. एकच पान, एकच गोष्ट. पत्ता स्वतःचा घालून, चिकटवून माझ्याकडे द्यायचं. मी ती शाळा उघडायच्या आठवड्यात, जूनच्या मध्यात, पोस्टात टाकते. रिट्रीटहून परतल्यावरचा उत्साह मेच्या उन्हात संपलेला असतो आणि नवं काम अंगावर आलेलं असतं. त्या वेळी आपल्याच अक्षरातलं पत्र पोस्टमन घेऊन येतो.

पत्र पोहोचलं की त्या आठवड्यात प्रत्येकाबरोबर एक चहा घेते. पत्रात काय आहे ते विचारत नाही. "त्यातलं काही करायला माझी मदत लागणार आहे का?" एवढंच विचारते. कुणी म्हणतं, मंगळवार संध्याकाळचा वर्ग दुसऱ्याला द्या. कुणी म्हणतं, काही नको. पाटीवाल्या भावाने त्या वर्षी टोळी ज्या गावाहून आली होती तिथल्या शाळेचा पत्ता मागितला. मुकादमाकडून गाव कळलं, गुरुजींनी शाळा शोधली. जुलैत तो सुट्टी काढून बीडला गेला आणि पाटी देऊन आला. पोराने बाराचा पाढा तिथेच उभ्या उभ्या पूर्ण म्हणून दाखवला, असं त्याने मला सांगितलं, आणि मग तेराचा सुरू केला.